पाळी जाण्याची वर्षे आणि आपल्या कामाच्या जागा

(संस्थेच्या वार्षिक कार्यकर्ता मेळाव्यात आरोग्य केंद्राच्या परिचारिकाताईंनी केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग. मेळाव्याला वसतिगृहांच्या स्वयंपाकी मावशी, बालवाडी सेविका, आरोग्य सेविका, पर्यवेक्षक आणि कार्यकारिणीचे सदस्य उपस्थित होते.)



सकाळपासून आपण मुलांची पटनोंदणी, कुपोषण, पाण्याच्या टाक्या आणि स्थलांतर यांवर बोललो. हे सगळे विषय महत्त्वाचे आहेत. पण ही कामे ज्यांच्या हातांनी होतात त्या बायांबद्दल मला आज बोलायचे आहे. या सभागृहात मागच्या चार रांगांमध्ये बसलेल्या मावश्यांची वये पाहा. बहुतेक जणी चाळीस ते पंचावन्नच्या मधल्या. म्हणजे आपली वसतिगृहे, बालवाड्या आणि दवाखाने चालवणाऱ्या निम्म्याहून अधिक बायांची पाळी एक तर जाण्याच्या मार्गावर आहे, नाहीतर नुकतीच गेलेली आहे. या विषयावर आपल्या एकाही मेळाव्यात आजवर कोणी बोललेले नाही. पुरुष बंधूंनी उठून जाऊ नये. हा विषय त्यांच्यासाठीही आहे.

पुस्तकात याला रजोनिवृत्ती म्हणतात. आपण म्हणतो, पाळी गेली. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे धरायचे. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होते. युरोप-अमेरिकेतल्या बाईपेक्षा आपल्याकडे साधारण चार-पाच वर्षे आधी. जी विडी ओढते तिची आणखी वर्ष-दोन वर्षे आधी जाते. म्हणजे जिची पाळी जाते आहे ती काही म्हातारी नव्हे. ती घरातली सगळ्यात कामाची बाई असते. मुलगा कॉलेजात, मुलगी लग्नाची, सासू अंथरुणाला, शेतात आवणी आणि वर आपली नोकरी, हे सगळे तिच्याच अंगावर असते.

पाळी काही एका दिवसात जात नाही. आधीची तीन-चार वर्षे ती कशीही येते. कधी दोन महिने येत नाही, कधी पंधरा दिवसांत परत येते, कधी आठवडाभर थांबत नाही. शरीरातले इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक वर-खाली होत होत कमी होते, म्हणून हे होते. त्याच कारणाने अचानक छातीतून डोक्याकडे गरम वाफ चढल्यासारखे वाटते, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. रात्री झोप मोडते. छातीत धडधडते. सांधे धरतात. लघवी रोखता येत नाही. साध्या गोष्टी विसरायला होतात. कारण नसताना रडू येते किंवा राग येतो. काही जणींना यातले काहीच होत नाही. काहींना वर्षभर होते आणि काहींना सात-आठ वर्षेसुद्धा होते. हा आजार नाही, पण त्रास खरा आहे. तो बाई मनाने उभा करत नाही.

आता हाच त्रास आपल्या कामाच्या जागी आणून बघा. आपल्या एका मुलींच्या वसतिगृहात १२० मुलींचा स्वयंपाक दोघी मावश्या करतात. पहाटे चारला उठून चूल पेटवायची, सातला नाश्ता, दहाला जेवण, संध्याकाळी परत तेच. स्वयंपाकघरात एकच खिडकी आणि तीही धुराने काळी झालेली. मे महिन्यात तिथे बाहेरून आलेला माणूस पाच मिनिटे उभा राहू शकत नाही. त्यातल्या थोरल्या मावशी, ज्यांना तिथे नोकरी करून एकवीस वर्षे झाली, त्या दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, “ताई, मला आता सुटायचंय. साहेबांना कागद लिहून द्या.”

मी विचारले, का? त्या म्हणाल्या, “पातेलं उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगाची आग होते. परवा भात करपला. अधीक्षिका बाई म्हणाल्या, मावशी, तुमचं लक्ष नसतं. पोरी म्हणतात, मावशी हल्ली चिडतात. आता मीच म्हणते, झालं माझं.”

त्यांच्या पगारावर त्यांची धाकटी मुलगी नर्सिंग शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. मावशींनी नोकरी सोडली असती तर पुढच्या फीला मुलगी घरी बसली असती. हे त्यांनाही कळत होते. तरी त्या सोडायला तयार होत्या, कारण आपल्याला काय होते आहे हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता आणि कोणी विचारलेही नव्हते.

त्यांचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. बाईला ते १२ तरी हवे. खोदून विचारल्यावर कळले की आठ महिने पाळी दहा-दहा दिवस जात होती आणि त्या चुलीपुढे उभ्या राहून घडी बदलायला शंभर पावलांवरच्या मोरीत जात होत्या. उपजिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी झाली. गर्भाशयात लहान गाठ होती, कर्करोग नव्हता. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.८ झाले. त्या आजही कामावर आहेत आणि आज इथे बसल्या आहेत. त्यांनी परवानगी दिली म्हणून मी हे सांगते आहे. मुलगी पुढच्या वर्षी परीक्षा देईल.

औषधाने अर्धे काम झाले. उरलेले अर्धे स्वयंपाकघरात झाले, ते मी पुढे सांगते.

आधी एक प्रश्न. आठ महिने त्या का बोलल्या नाहीत? याचे उत्तर जुने आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या आणि तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बाया शंभरात आठच होत्या. तेव्हापर्यंत जगभर समज असा होता की गावातल्या बाईच्या आरोग्याचा प्रश्न म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बंग दांपत्याने दाखवून दिले की बाई बाळंतपणाच्या आधीही बाई असते आणि नंतरही. तरी आजसुद्धा आपल्या पाड्यांवर गरोदर बाईची नोंद होते, बाळाचे वजन होते, पण शेवटचे मूल पाच वर्षांचे झाले की ती बाई आपल्या वहीतून जवळजवळ नाहीशी होते.

आपल्या भागात यात दोन गोष्टी जास्त आहेत. एक म्हणजे रक्त कमी असणे. पाळी जाण्याच्या वर्षांत जास्त अंगावरून गेले की आधीच कमी असलेले रक्त झपाट्याने उतरते. मग दम लागणे, अंधारी येणे, छातीत धडधडणे हे सगळे ‘वयाचे’ म्हणून सोडून दिले जाते. दुसरी म्हणजे सिकलसेल. आदिवासी भागात हा आजार अधिक आहे, म्हणून केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून त्यासाठी वेगळे राष्ट्रीय अभियान सुरू केले. ज्या बाईला सिकलसेलचा आजार आहे, तिने कोणाच्या तरी सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साठलेले असू शकते. म्हणून आधी तपासणी, मग गोळी.

आता मी जे सांगणार आहे ते लक्ष देऊन ऐका. दवाखान्यात चाळिशीतली बाई येते आणि म्हणते, “ताई, पिशवी काढून टाकू का? एकदाची कटकट जाईल.” शेजारणीने काढलेली असते. कुठल्यातरी खासगी दवाखान्यात सांगितलेले असते की ठेवलीत तर कॅन्सर होईल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गोष्ट २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत आली, ती तुम्ही वाचली असेल. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यातल्या कितीतरी जणी तिशीच्या आत-बाहेरच्या होत्या.

हे का झाले? ऊसतोडीत एक दिवस काम बुडाले की खाडा धरतात, उचलीतून पैसे कापतात. फडात ना संडास, ना पाणी. पाळीचा आणि अंगावरून जाण्याचा त्रास अंगावर काढत काढत बाईला वाटते की पिशवीच नको. म्हणजे कामाच्या जागी जे नव्हते त्याची किंमत बाईने शरीरातून दिली. मला हेच तुमच्यापुढे मांडायचे आहे. आपल्या भागातूनही माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. तिथे आपला हुकूम चालत नाही. पण आपल्या स्वयंपाकघरात आणि बालवाडीत तरी चालतो.

पिशवी काढणे काही वेळा गरजेचे असते. कर्करोग असेल, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तर डॉक्टर सांगतील आणि ते ऐकायला हवे. पण गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले की बाईची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. जे दहा-पंधरा वर्षांनी हळूहळू व्हायचे ते तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी एका रात्रीत होते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसते गर्भाशय काढले तरी पाळी काही वर्षे लवकर जाण्याची शक्यता असते. म्हणून माझे एकच सांगणे आहे. कोणीही पिशवी काढायला सांगितली तर आधी सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्या. घाई करू नका. आरोग्य सेविकांनी अशा बाईसोबत स्वतः जावे.

याच्या उलट एक खूण अशी आहे जिच्यात थांबायचे नाही. पाळी जाऊन वर्ष झाले आणि नंतर पुन्हा रक्ताचा डाग दिसला, तर ती पाळी परत आलेली नसते. “तरुणपण परत आलं” म्हणून बाया हसतात. हसू नका. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण कधी तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो. त्या वेळी सापडला तर बरा होतो. डाग एकदाच दिसला, थोडाच दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवायचे. आणखी एक गोष्ट. या वयात पाळी चुकली म्हणजे ती गेलीच, असे धरू नका. दिवस राहू शकतात. शंका आली की तपासून घ्या.

आता स्वयंपाकघरात काय केले ते सांगते. त्या वसतिगृहात आम्ही अधीक्षिका बाईंबरोबर बसलो. समोरच्या भिंतीला दुसरी खिडकी पाडली, म्हणजे वारा आरपार जाऊ लागला. चुलीपासून लांब, दाराजवळ एक बाकडे आणि पाण्याचा माठ ठेवला. पातेले एकटीने उतरवायचे नाही, दोघींनी धरायचे, हे ठरवून भिंतीवर लिहिले. मागच्या मोरीला दार, कडी आणि नळ बसवला. पहाटेची पाळी एक दिवसाआड वाटून घेतली, म्हणजे रात्री घामाने झोप मोडली तरी दुसऱ्या दिवशी सहापर्यंत निजता येते. सगळ्यात मोठा खर्च खिडकी आणि मोरीचा झाला, तोही गावच्या गवंड्याकडून. नवी स्वयंपाकी शोधून, शिकवून, तिला मुलींची सवय होईपर्यंत जे गेले असते त्यापुढे हे काहीच नाही.

बालवाडी सेविकांचे वेगळे आहे. त्यांच्यातल्या काही जणी रोज दोन-तीन किलोमीटर चालत पाड्यावर जातात. बालवाडीच्या खोलीला संडास नसेल तर बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. या वयात लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो आणि पाणी कमी प्यायले की आणखी होतो. म्हणून संडास म्हणजे चैन नव्हे. रोजगार हमीच्या कामावरसुद्धा पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी असा नियम आहे. आपण सेवाभावी संस्था आहोत. आपल्या बायांना त्याहून कमी मिळता कामा नये.

देशात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. रजोनिवृत्तीसाठी तसा कायदा नाही. पण कायदा नसला तरी संस्थेला ठराव करायला कोणी अडवलेले नाही. म्हणून मी कार्यकारिणीपुढे पाच मागण्या ठेवते.

एक, प्रत्येक वसतिगृहाच्या स्वयंपाकघराजवळ आणि प्रत्येक बालवाडीत दार-कडी-पाणी असलेला संडास. जिथे नाही तिथली यादी जूनच्या आत करावी.

दोन, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी सरकारी उपकेंद्रात रक्तदाबाची, साखरेची आणि स्तन, गर्भाशयमुख, तोंड यांच्या कर्करोगाची तपासणी मोफत असते. आपल्याला फक्त दिवस ठरवून गाडी द्यायची आहे. तो दिवस कामाचाच धरावा, पगार कापू नये.

तीन, महिन्यातून एक दिवस कारण न विचारता रजा. पन्नाशीच्या बाईने तिशीच्या पर्यवेक्षकाला ‘अंगावरून जातंय’ असे सांगायचे, ही अपेक्षा आपण ठेवू नये.

चार, प्रत्येक केंद्रात एक ताई नेमावी, जिच्याशी याबद्दल बोलता येईल. ती डॉक्टर नसली तरी चालेल. ऐकणारी हवी आणि बाहेर न सांगणारी हवी.

पाच, या वयातल्या बाईचे काम बदलायचे असेल तर तिला विचारून बदलावे आणि पगार कमी करू नये. हलके काम देतो म्हणून मान कमी करायचा, असे होता कामा नये.

पर्यवेक्षक बंधूंना एक विनंती. एखादी मावशी चिडली, विसरली, तर चारचौघांत बोलू नका. बाजूला घेऊन विचारा, “मावशी, बरं आहे ना?” या एका प्रश्नाला पैसे लागत नाहीत. घरीही हेच. बायको रात्री उठून बसली तर तिला काही लागले आहे, कोणी काही केले आहे, असा तर्क लावत भगताकडे नेण्याच्या आधी आमच्याकडे आणा. देवाचे करायचे ते जरूर करा, पण तपासणी चुकवू नका.

आणि मावश्यांनो, तुमच्यासाठी. पाळी गेल्यावर हाडांतले कॅल्शियम लवकर झिजते. आपली नागली या बाबतीत फार चांगली. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या मानाने अगदीच थोडे. रेशनचा तांदूळ आला म्हणून नागलीची भाकरी ताटातून घालवू नका. शेवग्याचा पाला, तीळ, सुकट हेही खा. सुती कपडे घाला. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. तंबाखू, मिश्री, विडी सोडा, आणि सोडायला जमत नसेल तर सांगा, मदत करू. गरम वाफांचा त्रास फार असेल तर त्यावर औषधे आहेत, संप्रेरकांचीही आहेत, पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची. बाजारात येणाऱ्या कुठल्याही इंजेक्शनवाल्याकडून घ्यायची नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, सांगा. आठ महिने थांबू नका.

शेवटी एक. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, आणि ती बाई असते. अडलेल्या बाळंतिणीपाशी पाड्यावरच्या जाणत्या सुईणीलाच बोलावत आले आहेत. पाळी गेलेल्या बाईला अडगळीत टाकणे ही आपल्या पाड्यांची रीत नाही. तिच्या हातात जे कसब आहे, एकशे वीस ताटांचा अंदाज जो तिला डोळ्यांनी येतो, कोणते मूल आज जेवले नाही हे जे तिला न मोजता कळते, ते नव्याने नेमलेल्या माणसाला दहा वर्षांनी येईल. ती तोवर आपल्याकडे टिकावी एवढेच मागते आहे.

कार्यकारिणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. या पाच मागण्यांचा कागद मी अध्यक्षांच्या हातात देते आहे. त्यावर मागच्या चार रांगांतल्या ज्यांना सही किंवा अंगठा करायचा असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यावे. पुरुष बंधूंच्या सह्यांसाठीही जागा ठेवली आहे.